ब्रेक पॅड संपले, डिस्कही बदलायची का?

प्रश्न : रोज कोल्हापूर ते गोकुळ शिरगाव जा-ये, अधूनमधून गगनबावडा घाट. गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजलेत; मेकॅनिक डिस्कही (पॅड जिला दाबून धरतात ती चाकाबरोबर फिरणारी चकती) बदला म्हणतो.

उत्तर : आधी डिस्क मायक्रोमीटरने मोजून घ्या. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याहून जाड भरली, तडे नसले, ब्रेक दाबताना पेडल थरथरत नसलं, तर डिस्क राहू द्या. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. रेसिंगचे पॅड नकोतच. थंड असताना ते नीट धरत नाहीत.

एकाच चाकातला एक पॅड जास्त झिजलाय? मग बहुतेक कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन अडकली आहे. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड बसवू देऊ नका.

ब्रेक ऑइल 2 वर्षांहून जुनं असेल तर बदलाच. ते हवेतला ओलावा शोषतं. घाटात तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल खाली बसतं.