वाचकांचे प्रश्न : गाणं माझं, मग सही कशावर करू?

प्रश्न : प्रिय ताई, सप्रेम नमस्कार. मी 22 वर्षांची आहे, गोव्यात फोंड्याजवळच्या एका गावात राहते. लहानपणापासून भजनात गाते, हार्मोनियमच्या चार परीक्षा दिल्या, कॉलेजात गिटार शिकले आणि गेली तीन वर्षं स्वतःची गाणी लिहून चाली लावते. घरी कोंकणी बोलतो, पण गाणी मला मराठीत सुचतात. यावरून मैत्रिणीही नावं ठेवतात. शनिवारी-रविवारी मोरजी, आसगावच्या रेस्टॉरंटांत गाते. एका रात्रीचे 2,500 रुपये मिळतात. तिथे सगळे हिंदी-इंग्रजी गाणी मागतात. माझं एखादं गायले तर लोक जेवणाकडे वळतात. सोबतचा गिटारिस्ट म्हणतो, ‘वरच्या पट्टीत नको, मला जड जातं,’ म्हणून मी खाली गाते. आता एका निर्मात्यानं माझं गाणं ‘करून देतो’ म्हटलंय. मी 35,000 भरायचे आणि कागदावर सही करायची. त्यात ‘शब्द, चाल व ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कायमस्वरूपी’ त्याच्याकडे, असं लिहिलंय. आई म्हणते, आधी विशारद कर, मग बघू. तीन गाणी सोबत पाठवली आहेत. मी काय करू? – तुमची एक वाचक

उत्तर : बाय, आधी तातडीचं सांगते. त्या कागदावर सही करू नकोस. पैसेही देऊ नकोस.

मी तुझ्याहून एका वर्षानं मोठी होते, तेव्हा आमच्या भागातल्या एका नाट्यमंडळीसाठी दोन पदांना चाली दिल्या. तालमी आमच्याच सोप्यावर व्हायच्या, आई सगळ्यांना चहा करायची. नाटक जत्रांतून खूप चाललं. जाहिरातीच्या फलकावर मात्र संगीतकार म्हणून दुसऱ्याचंच नाव आलं. माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. आजही कुठल्या जत्रेत ते पद कानावर पडलं की माझे ओठ हलतात आणि घसा दाटतो. हे तुझ्या वाट्याला यावं असं मला अजिबात वाटत नाही, म्हणून थोडा कायदा सांगते. नीट वाच.

एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन तू लिहिल्यास, चाल बांधलीस, त्या क्षणापासून तुझ्या आहेत. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो, पण हक्कासाठी ती सक्तीची नाही. तिसरी मालमत्ता निर्मात्याची. कायद्याच्या दृष्टीनं निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेणारा आणि जबाबदारी उचलणारा. इथे खर्च तुझा, गाणं तुझं, गळा तुझा. मग तिन्हींवर मालकी त्याची कशी? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तू सही केलीस तरी तो वाटा तुझाच राहतो. पण एकदा सही झाली की आपला हक्क सिद्ध करायला तुलाच धावाधाव करावी लागेल, म्हणून आधीच थांब. आणखी एक लक्षात ठेव : हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्यांनी तिथे मुद्दाम घातलेला असतो.

त्याला सांग, रेकॉर्डिंगचे पैसे मी देते, तुम्ही तुमच्या कामाची मजुरी घ्या, मालकी माझी राहील. तो ‘नाही’ म्हणाला तर दुसरा स्टुडिओ शोध. गाणं प्रसिद्ध झालं की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची सदस्य हो. ही संस्था 1969 पासून आहे, गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते. तोवर प्रत्येक गाणं पूर्ण झालं की शब्द टाइप करून, फोनवर गाऊन, दोन्ही स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेव. तारीख राहते.

आता गाण्यांकडे येते. त्यासाठी मी दोन संध्याकाळी दार लावून बसले होते.

पहिलं आणि तिसरं ठीक आहे. दुसरं, सोलां म्हणजे कोकमाच्या साली वाळवणाऱ्या आजीचं, मी सात-आठ वेळा ऐकलं. सुरुवात ‘प्रेमाचं आभाळ भरून आलं’ अशी केली आहेस. या दोन ओळी काढून टाक. तुझं गाणं तिसऱ्या ओळीत सुरू होतं, ‘आजी, सोलां आत घे, डोंगराआड ढग आला’. ती ओळ आली आणि माझ्या नाकात भिरंडांचा, कोकमाच्या फळांचा, आंबट वास आला, सुपं उचलायची घाई दिसली, मे महिना दिसला. आभाळाबद्दल वेगळं काही सांगायची गरजच उरली नाही.

पण धृपदात एक गोष्ट मला खटकली. ‘घर माझं ओलं ओलं’ यात ‘घर’वर तू चार मात्रांचा लांब स्वर घेतला आहेस. ‘घ’मधला अ तेवढा ताणला की तोंड उघडतं आणि ऐकणाऱ्याला ‘घार’ ऐकू येतं. ‘मन’ ताणलं की ‘मान’ होतं, तसंच. गिटारच्या ठोक्यावर शब्द बसवताना अशा जागा पटकन निसटतात. शब्द उलटे करून बघ : ‘ओलं ओलं घर माझं’. आता लांब स्वर ‘ओ’वर येतो, तो हवा तितका धरता येतो, आणि ‘घर’ दोन छोट्या मात्रांत घरासारखं पोचतं. मी स्वतः गाऊन पाहिलं.

पट्टीचंही तसंच. तुझ्या आवाजाची खरी जागा काळी चारच्या (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) आसपास आहे हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं. खाली काळी एकला उतरलीस की शेवटची अक्षरं हवेत विरतात, म्हणूनही लोक जेवणाकडे वळत असतील. गिटारिस्टला कॅपो, म्हणजे तारांवर लावून पट्टी चढवायचा चिमटा, लावायला सांग, त्याला फारसं काही वेगळं करावं लागत नाही. गाणारी तू आहेस, पट्टी तू ठरवायचीस. ही गोष्ट मुलींना फार उशिरा कळते, कारण साथ बहुतेक पुरुषांची असते आणि आपण संकोचाने जुळवून घेतो.

रेस्टॉरंट लगेच सोडू नकोस, ते पैसे तुझ्या रेकॉर्डिंगला लागतील. दहा गाण्यांत दोन स्वतःची घाल. गाण्याआधी एकच वाक्य बोल, ‘हे माझ्या आजीचं गाणं आहे’. लोक मान वर करतात. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा ‘सात ते दहा’ हे आधी लिहून घे, अर्धे पैसे आगाऊ घे आणि परतीच्या गाडीचं भाडं मानधनात धर. अपरात्री स्कूटरवर एकटी येऊ नकोस.

पण तुझ्या गाण्याला श्रोते तिथे मिळणार नाहीत, ते घराजवळ मिळतील. पौषात धालोच्या, बायकांच्या लोकगीतांच्या, मांडावर गेली आहेस का कधी? दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून बायका रात्रभर गातात. चार-पाच स्वरांतली चाल, म्हणून कोणालाही मिसळता येतं. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह झाला तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या निघाल्या. त्या रचणाऱ्या गावातल्या बायकाच होत्या. आपलं सुखदुःख आपल्या शब्दांत गाणारी तू काही पहिली नव्हेस. चवथीच्या दिवसांत घरच्या सोप्यावर वीस जणी बोलव, माइक न लावता गा. कुठल्या ओळीला त्या गप्प होतात ते बघ. ते जमलं की फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा जवळच्या रवींद्र भवनात छोटा कार्यक्रम मांडायची वेळ येईल.

भाषेचं मनावर घेऊ नकोस. बोरीचे कवी बाकीबाब बोरकर मराठीतही लिहीत, कोंकणीतही. तुझ्या शेजारचंच गाव. सुचेल त्या भाषेत लिही.

आईचं मात्र मी अर्धं ऐकीन. विशारद आधी आणि गाणी नंतर, हे नको. पण पहाटेचा खर्ज, खालच्या सुरांचा रियाज, सोडू नकोस, सोडलास तर चाळिशीत गळा साथ देणार नाही. आईच्या बोलण्यामागे भीती आहे, तीही समजून घे. गोव्यातल्या कुर्डीत 1904 साली जन्मलेल्या गायिका मोगूबाई कुर्डीकर लहानपणी नाटकमंडळ्यांत गायल्या, पुढे मुलं पदरात असताना गाण्यावरच घर चालवलं. गाणाऱ्या बाईला मान मिळायला इथे किती काळ गेला, हे आपल्या आया-आज्यांनी पाहिलं आहे. एका संध्याकाळी आईला समोर बसवून सोलांचं गाणं ऐकव. ती तिच्याच आईची गोष्ट आहे ना?

आणि त्या गाण्याचं शेवटचं कडवं अजून अपुरं आहे. पाऊस येतो, सोलां आत जातात, अंगण रिकामं होतं. आजी कुठे आहे ते तू सांगितलेलंच नाहीस. ते लिही आणि मला पाठव.