बायपास सांगितली आहे: स्टेंटवर भागेल का, सोलापूर की पुणे, आणि नंतरचे तीन महिने

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाबा ६२ वर्षांचे, सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमचा कारखाना, शुगर जुनी. जिना चढताना छातीवर दडपण यायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली, तर तिन्ही मुख्य नसांत ब्लॉक निघाले. डॉक्टर बायपास म्हणतात. बाबा म्हणतात, "दोन स्टेंट टाका आन् सोडा मला." स्टेंटवर भागेल का, सोलापुरात करावी की पुण्याला न्यावं, आणि कारखान्यात परत कधी जाता येईल, हे तुम्हाला हवंय. माझी स्वतःची बायपास होऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर नात्यातल्या आणि गल्लीतल्या कितीतरी जणांच्या उशाशी बसलोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं जे काही लिहितोय ते सर्जनला विचारून पक्कं करा.

आधी स्टेंट, म्हणजे ब्लॉकच्या जागी नस उघडी ठेवायला टाकतात ती जाळीची नळी. शुगर आणि तिन्ही नसा अशी जोडी असली की बायपास सुचवतात, ते उगाच नाही. २०१२ साली 'फ्रीडम' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. शुगर असलेले १९०० पेशंट, निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना बायपास. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालं, असे स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के निघाले आणि बायपासवाल्यांत १८.७. एकट्या पक्षाघाताचं प्रमाण मात्र बायपासच्या बाजूला जास्त होतं, ५.२ टक्के विरुद्ध २.४. हेही बाबांना सांगा, लपवू नका. व्यवहारातला माणूस दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला की ऐकतो, नुसतं "डॉक्टर म्हणतायत" म्हटलं की अडून बसतो.

कारण साधं आहे. स्टेंट जिथं टाकला तेवढीच जागा उघडतो. शुगरवाल्याची नस मात्र बऱ्याच लांबीपर्यंत खराब झालेली असते, आज इथं तर तीन वर्षांनी चार बोटं अलीकडं. बायपासमध्ये नवी नस ब्लॉकच्या बऱ्याच पुढं जोडतात, त्यामुळे अलीकडं उद्या नवा ब्लॉक झाला तरी रक्त पुढं पोचतं. सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: छातीच्या आतल्या डाव्या बाजूची धमनी वापरणार ना? तिला ते 'लिमा' म्हणतात. हृदयाच्या पुढच्या सगळ्यात महत्त्वाच्या नसेला ती जोडली, तर दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांची चालू असते. पायातून काढलेल्या शिरांचं तसं नाही, दहा वर्षांत त्यातल्या जवळपास निम्म्या बंद तरी होतात नाहीतर खराब तरी. बहुतेकांना छातीतली एक आणि पायातल्या एक-दोन, असंच लावतात.

आता कोणीतरी काका येऊन 'बिनाऑपरेशनची नैसर्गिक बायपास' सुचवतील. पायाला पट्टे बांधून हवेनं दाबतात, ते. छातीत दुखणं त्यानं काहींचं कमी होतं, पण ब्लॉक निघत नाही. सलाईनमधून 'नसा साफ' करणारेही भेटतील. त्यांच्याकडं पैसे आणि महिने दोन्ही घालवू नका.

सोलापूर की पुणे? बायपास आता सोलापुरातही होते. माझं मत असं की हृदयाचं पंपिंग चांगलं असेल, किडनी ठीक असेल आणि ऑपरेशन ठरवून होणार असेल, तर अडीचशे किलोमीटर लांब जायची गरज नाही. पुण्यात दहा दिवस दोन माणसांनी राहायचं, त्यांचं खाणं-पिणं, रिक्षा, इकडं कारखाना बंद, आणि टाक्यातून थोडं पाणी आलं तरी पुन्हा पुण्याची गाडी. पंपिंग (इकोच्या रिपोर्टमधला ईएफ) पस्तीस टक्क्यांच्या खाली असेल, क्रिॲटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) वाढलेलं असेल किंवा झडपेचंही काम असेल, तर मात्र पुण्याला मोठ्या ठिकाणी न्या. कुठंही करा, पण ही टीम महिन्याला किती बायपास करते, रात्री आयसीयूत हृदयाचा अनुभव असलेला डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर, आणि डायलिसिस त्याच इमारतीत आहे का, एवढं न लाजता विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. ठरवून केलेल्या बायपासमध्ये जिवाचा धोका साधारण शंभरात एक-दोन असतो. बाबांसाठी तो किती, हेही सरळ विचारा.

पैशांचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमध्ये सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते, पण हॉस्पिटल योजनेत असायला हवं आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. नंतर धावपळ करून उपयोग नसतो. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत तीन गोष्टी बघा. तंबाखू आजपासून बंद. बाबा मळून खात असतील तर 'ऑपरेशननंतर सोडतो' हे चालणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंदही करायच्या नाहीत आणि चालूही ठेवायच्या नाहीत. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक चालू ठेवतात. शुगरची ग्लिफ्लोझिन गटातली गोळी असेल (नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असतं, बघा), तर ती तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरला सगळी पाकिटं नेऊन दाखवा. तिसरं म्हणजे आत तीन चेंडूसारख्या गोळ्या असलेलं, श्वास आत ओढायचं ते यंत्र. स्पायरोमीटर. ते आधीच आणून घरी सराव करा. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी एक गोळी हलली तरी पुष्कळ असतं. आधीचा सराव असलेला माणूस दोन-तीन दिवसांत दुसरी उचलतो, आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया व्हायची भीती कमी होते.

आयसीयूत पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकू नका. तोंड सुजलेलं, घशात नळी, छातीतून दोन नळ्या बाटलीत, हात सैल बांधलेले. नळी असते तोवर बोलता येत नाही. बहुतेकांची काही तासांत काढतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित होणं हे चारातल्या एकाला तरी होतं, औषधानं बसतं. आणि एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगत नाहीत: साठीपुढच्या माणसाला रात्री भ्रम होऊ शकतो. "हे लोक मला मारतायत, घरी न्या" असं म्हणतील, सलाईन उपटतील. आमच्या ओळखीतले पूर्व भागातले एक काका दोन दिवस फक्त तेलुगूत बोलत होते. नर्स मराठी, तिला वाटलं पक्षाघात झाला. सून येऊन बोलली तेव्हा कळलं की ते नुसतं पाणी मागतायत. तुमच्या घरी तेलुगू किंवा कन्नड असेल तर हे स्टाफला आधीच सांगून ठेवा. चष्मा आणि कानाचं मशीन आत द्या. भ्रम दोन-चार दिवसांत उतरतो.

आता घर. ऑपरेशनची काळजी सगळे करतात, घराची तयारी कोणी करत नाही, आणि तब्येत बिघडते ती तिथंच. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं बांधलेलं असतं. ते पक्कं जुळायला तीन महिने लागतात. त्यामुळे बाबा खाली गादीवर झोपत असतील तर आधी कॉट आणा. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. उकिडवं बसून हातावर जोर देऊन उठणं अजिबात नको, आणि बद्धकोष्ठ तर होणारच, त्याचं औषध मागून घ्या. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराच्या आधारानं बसायचं. पोरं प्रेमानं काखेत हात घालून ओढतात, ते बंद करा. खोकताना किंवा शिंकताना छातीवर उशी घट्ट कवटाळायची. दुखेल म्हणून खोकला दाबला तर कफ आत राहतो. पहिले दीड-दोन महिने दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची कळशी नाही, नातू नाही, आणि स्कूटरला किक तर नाहीच.

अनेकांना छातीपेक्षा पाय जास्त त्रास देतो. शीर काढलेल्या पायाला घोट्याशी सूज येते. बसताना पाय स्टुलावर ठेवा, मोजे सांगितले तर घाला. शुगर असल्यामुळे त्या जखमेकडं रोज उजेडात बघा. डाव्या छातीला बधिरपणा किंवा मुंग्या येतात. लिमा काढल्यामुळे होतं ते, महिने लागतात. पण छातीत 'कट्‌कट्‌' हाड वाजल्यासारखं झालं, जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, ताप १०० च्या वर गेला, आडवं झाल्यावर दम लागला, किंवा दोन दिवसांत वजन दीड किलो वाढलं, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन.

खाण्याचं बोलतो, कारण आपल्याकडं इथं फार गोंधळ. पथ्य म्हणून माणसाला पेज आणि दुधीच्या रसावर ठेवतात. जखम कशानं भरणार? डाळ, दही, उसळ, खात असतील तर अंडी, हे रोज हवं. ज्वारीची भाकरी उत्तम. मीठ मात्र खरंच मोजायचं, आणि आपलं मीठ भाजीत कमी, शेंगाचटणी-पापड-लोणच्यात जास्त असतं. सोलापूरच्या माणसाला चटणी पूर्ण तोडणं जमायचं नाही, तेव्हा बिनमिठाची थोडी कुटून घ्या. पहिले दोन-तीन आठवडे तोंडाला चव नसते. तेव्हा ताटभर वाढून "संपवा" म्हणण्यापेक्षा थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या.

चालणं हेच औषध. घरात पाच मिनिटं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, असं वाढवत महिन्याभरात अर्ध्या तासावर. "झोपा हो, आराम करा" म्हणणारे पाहुणे यात आडवे येतात. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं तर सकाळी सातच्या आत उरकून घ्या. आपल्या उन्हात लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला चक्कर यायला वेळ लागत नाही. जानेवारीत असेल तर गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदान टाळा, धुळीनं खोकला लागतो. संभाजी तलावाची बाजू बरी.

भेटायला येणाऱ्यांना दोन आठवडे स्पष्ट नाही म्हणा. सफरचंदं घेऊन येतात, शर्ट वर करून टाके बघायला मागतात, आणि आपल्या साडूचं बायपासनंतर कसं झालं ते रंगवून सांगतात. दारावर बसायला एक ठाम बाई नेमा. आमच्याकडं माझी बहीण होती. पाव्हण्याला चहा पाजून परस्पर वाटेला लावायची.

आणि मन. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळं चांगलं चाललंय असं वाटत असताना, बाबा एकदम रडतील किंवा भाकरी कडक का म्हणून ताट सारतील. झोप मोडते, नावं आठवत नाहीत, 'आता माझा काय उपयोग' सुरू होतं. चाळीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाला आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो, हे पचत नाही. बहुतेकांचं हे आपोआप निवळतं. महिना-सव्वा महिना झाला आणि ते अंथरुणातून उठायलाच नको म्हणत असतील, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्या. त्यात कमीपणा नाही, मी स्वतः गेलो होतो. घरात बसून करता येण्याजोगं कारखान्याचं काम आधीच हातात द्या: सुताचा हिशेब, पार्टीचे फोन. त्यानं गोळीइतका फरक पडतो.

कारखान्यात जाऊन नुसतं बसायला दीड-दोन महिन्यांनी हरकत नसते. सुताचा जड बीम उचलणं, मागावर वाकून काम, तीन महिन्यांच्या आत नाही. चारचाकी साधारण सहा आठवड्यांनी, दुचाकी तीन महिन्यांनी, दोन्ही सर्जनला विचारून. नवरा-बायकोच्या संबंधांचं कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो: दोन जिने न दमता चढता आले की चालतं. हे आईला तुम्ही नाही, डॉक्टरांनी सांगावं. तेवढं त्यांच्या कानावर घाला.

कोलेस्टेरॉलची गोळी आणि ॲस्पिरिन जन्मभर आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सहा महिन्यांनी बंद करणारे मी पाहिलेत. गोळीमुळंच तो नॉर्मल आलेला असतो, आणि नव्या नसाही तिच्यामुळंच टिकतात. दात काढायला गेलात तरी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ॲस्पिरिन थांबवायची नाही.

टू-डी इकोच्या रिपोर्टमध्ये ईएफ किती लिहिलाय आणि क्रिॲटिनिन किती आहे, ते दोन आकडे इथं टाका. पुण्याचं मग नेमकं सांगता येईल. आणि अँजिओची सीडी मागून घ्या, नुसत्या कागदावर दुसरे सर्जन मत देत नाहीत.