दोन-चार देश मिळून एकच लष्करी विमान कसं वापरतात? ऐन युद्धात भांडणं होत नाहीत का?

आमच्या गावाकडच्या विहिरीत चार भावकीतल्या घरांचे हिस्से आहेत. कुणाची पाण्याची पाळी कधी, हे आजोबांच्या वेळेस ठरलंय. तंटा होतो तो पाण्यावरून क्वचित, मोटर जळाली की वर्गणीवरून हमखास. हंगेरीतल्या पापा इथल्या हवाई तळाबद्दल वाचलं तेव्हा मला तीच विहीर आठवली.

तिथे तीन सी-१७ मालवाहू विमानं आहेत. २००९ मध्ये आली, बारा देशांची मिळून. स्लोव्हेनिया किंवा एस्टोनियाला असलं धूड एकट्याने पोसणं शक्यच नव्हतं, आणि वर्षभर पुरेल एवढं कामही त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून हिस्से पाडले ते तासांत. करारात वर्षाला ३,१६५ उड्डाणतास धरले: अमेरिकेचे १,०००, स्वीडनचे ५५०, नेदरलँड्सचे ५००, एस्टोनिया-लिथुआनियाचे ४५-४५. ज्याच्या जमिनीवर विमानं उभी राहतात त्या हंगेरीचे फक्त ५०! पण विमानांवर खुणा हंगेरीच्याच, कारण लष्करी विमान कुठल्यातरी एका देशाच्या नावावर लागतंच. कर्मचारी मिश्र. आपल्या वाट्याचे तास कशाला वापरायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं: स्वतःच्या सैन्यासाठी, नाटोसाठी, नाहीतर मदतकार्यासाठी. स्वीडन आणि फिनलंड तर तेव्हा नाटोत नव्हतेही, तरी या भागीदारीत होते.

आता भांडणाचं. नाटोची टेहळणी करणारी अवॅक्स विमानं जर्मनीत गाइलेनकिर्शेनला असतात, नोंदणी लक्झेंबर्गची. पथकं अनेक देशांची, त्यात जर्मन बरेच. २०११ मध्ये लिबियावर कारवाई सुरू झाली. जर्मनी सुरक्षा परिषदेतल्या मतदानात तटस्थ राहिला होता (आपणही तटस्थच होतो). त्याने भूमध्य समुद्रावरच्या अवॅक्स मोहिमेतून आपली माणसं काढून घेतली, आणि लगेच अफगाणिस्तानातल्या अवॅक्ससाठी माणसं द्यायची तयारी दाखवली. विमानं सामाईक होती, पण त्यातल्या माणसांना धाडायचं की नाही हे बर्लिननेच ठरवलं.

म्हणून माझं मत असं की सामान वाहणारं यंत्र वाटून घेणं सोपं, लढाईत उतरणारं अवघड. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या नौदलांनी यातून हुशारीने वाट काढली आहे. १९९६ पासून मुख्यालय एकच, डेन हेल्डरला. दोघांकडे एकाच जातीची जहाजं. फ्रिगेट या मोठ्या युद्धनौकांची देखभाल डच बघतात, सुरुंगशोधक जहाजांची बेल्जियन. पण आपलं जहाज मोहिमेवर पाठवायचं का, हे ज्याचं तोच ठरवतो. डच लोकांनी रणगाड्यांच्या बाबतीत मात्र फारच धाडस केलं. २०११ मध्ये काटकसर म्हणून स्वतःचे सगळे लेपर्ड रणगाडे काढून टाकायचं ठरवलं, आणि पुढे जर्मनीकडून १८ भाड्याने घेऊन त्यांच्याच ४१४ क्रमांकाच्या बटालियनमध्ये डच सैनिक बसवले. मला हे काही पटलेलं नाही.

भारताचं विचाराल, तर आपण सी-१७ स्वतःची ११ घेतली, दिल्लीजवळच्या हिंडन तळावर असतात. लडाखला रणगाडा उतरवायचा तर पाळी कुणाची हे विचारत बसायला आपल्याला वेळ नसतो. आपली भागीदारी जास्त करून बनवण्यात आहे, जसं रशियाबरोबरचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र. नाही म्हणायला अमेरिकेबरोबर २०१६ चा करार आहे, पण तो एकमेकांच्या तळांवर इंधन आणि रसद घेण्यापुरता.