लेखी दे

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपनीने ॲप-ॲपमध्ये आणि वेबसाइट-वेबसाइटमध्ये भेदभाव करू नये यावर, तू सभा घेतलीस. सभागृहात चाळीस खुर्च्या मांडल्या, नऊ जण आले, त्यातल्या तिघांनी "फुकट नेट कुठे मिळतं" एवढंच विचारलं. आणि मागच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "मना व्हॉट्सॲप चालू शे ना, मंग माले काय करानं शे?" तुला उत्तर सुचलं नाही. आता तू लिहितेस की लोकांना कशाचंच काही पडलेलं नाही.

हे मला मान्य नाही. त्या पोराचा प्रश्न बरोबर होता, कच्चं होतं ते तुझं पोस्टर.

एप्रिल २०१५ मध्ये याच मागणीसाठी ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ती माणसं परग्रहावरची नव्हती. त्याच्या चार महिने आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळा आकार लावायचं जाहीर केलं आणि काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. तेव्हा एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे. माणूस एमबी मोजून वापरायचा, त्यामुळे कुठला बाइट कुठे जातो आणि त्याचे किती पैसे कापले जातात हे त्याला तोंडपाठ होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, हळूहळू रोजच्या दीड-दोन जीबीची सवय लागली आणि एमबी मोजायचं संपलं. मोजणं संपलं तिथे जाणीवही संपली. याला तू उदासीनता म्हणतेस. मी म्हणतो, त्याच्या हातातलं माप गेलं. ते परत दे, माणूस ऐकतो. भाषण देऊन ते परत येत नाही, म्हणून पुढचं नीट वाच.

आधी तुझ्या पोस्टरवरचा गोंधळ काढू. तू पाच तक्रारी एका दोरीत ओवल्या आहेत. रात्री नऊला नेट रांगतं, ते टॉवरवर गर्दी होते म्हणून. रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, ते प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं आणि सगळ्या ॲपना सारखं लागू होतं. दंगलीच्या भीतीने जिल्ह्याचं नेट बंद होतं, त्याचे नियम वेगळे. सरकारच्या आदेशाने एखादी वेबसाइट बंद होते, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. आणि पाचवी, एकच ॲप मुद्दाम हळू करणं किंवा एकाच ॲपचा डेटा फुकट सोडणं. या पाचांत नेट न्यूट्रॅलिटी फक्त शेवटची. पहिल्या चारांबद्दल भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण या नावाने नको. ऐकणारा एकदा म्हणाला की "हे तर रेंजचं दुखणं आहे", की पुढचं सगळं वाया.

साक्रीकडे पांझरेच्या काठावर फडाचं पाणी, म्हणजे बंधाऱ्यावरून शेतांच्या गटांना पाळीने मिळणारं पाणी, कसं फिरतं ते पाहिलं असशील. पाणी कमी असलं तर त्या वर्षी कमी फड भिजतात, त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. पण जो फड भिजतोय त्यात हा वजनदार माणूस म्हणून आधी आणि तो गरीब म्हणून नंतर, असं पाटकऱ्याने, म्हणजे पाणी सोडणाऱ्याने, करायचं नसतं. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यातच अट घातली ती हीच: मजकूर, पाठवणारा, घेणारा, प्रोटोकॉल किंवा उपकरण बघून भेदभाव करायचा नाही. गर्दीच्या वेळी वाजवी नियोजन करायला मुभा आहे. माणूस बघून पाणी सोडायला नाही.

दराचं त्याहून सोपं. ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या नियमानुसार आतला मजकूर बघून डेटाचा भाव बदलता येत नाही. मोडलं तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख दंड. कुठलीही ऑफर समोर आली की एकच प्रश्न विचार: भाव ठरवताना डेटाच्या आत काय आहे हे बघितलं का? रात्री बारा ते सहा सगळं अनलिमिटेड, इथे घड्याळ बघितलं, मजकूर नाही, म्हणून चालतं. रिचार्जबरोबर एखाद्या व्हिडिओ ॲपची वर्गणी फुकट, पण बघताना डेटा कापला जातो, तेही चालतं. तेच ॲप बघताना डेटा कापलाच जात नसेल तर थांब, तिथे नियम मोडला असण्याची शक्यता आहे. आणीबाणीच्या सेवेला सूट आहे. कंपनीच्या स्वतःच्या बंद जाळ्यावरच्या सेवेलाही आहे, पण नियम चुकवण्यासाठी तो आडोसा घेतला तर तो भेदभावच धरला जाईल, असं नियमातच लिहिलंय.

"फुकट मिळालं तर बिघडलं काय?" हे तुला विचारतीलच. तेव्हा मोठी तत्त्वं सांगू नकोस, केळी सांग. समज, रावेरमध्ये केळी घेणाऱ्या एका व्यापारी कंपनीचं ॲप डेटा न कापता चालतं, आणि बाकीच्या व्यापाऱ्यांचे भाव, बऱ्हाणपूरचा भाव, हवामान, शेतकऱ्यांचे ग्रुप बघायला डेटा लागतो. पॅक संपत आलेला शेतकरी सकाळी कुठे बघेल? फुकट ॲपवर. तिथे एकच भाव दिसेल. दहा-वीस रुपयांचा डेटा वाचेल आणि भाव करायची ताकद जाईल, आणि ती कुठे गेली हे त्याला कळणारही नाही. घडाकडे बोट दाखवून हे सांग. मागच्या रांगेतला पोरगा पुढे येऊन बसेल. अहिराणी गाण्यांचं तर विचारूच नकोस. धुळ्या-जळगावची पोरं साध्या कॅमेऱ्यावर गाणं करून यूट्यूबवर टाकतात आणि ते मोठ्या कंपनीच्या गाण्याइतक्याच सहज उघडतं. त्यासाठी कुठल्याही टेलिकॉम कंपनीच्या दारात त्यांना उभं राहावं लागलं नाही. त्यांना बोलाव. ते या विषयाचे खरे मालक आहेत.

आता माप. वेगाचा भेदभाव डोळ्यांनी दिसत नाही, तो मोजावा लागतो, आणि मोजताना बहुतेक लोक चुकतात. व्हिडिओ अडकला, लावला आरोप, असं करू नकोस. https मध्ये मजकूर बंद पाकिटात असतो, पण कुठल्या सर्व्हरकडे चाललंय ते नाव बहुतेक वेळा पाकिटावर उघडं असतं. त्या नावावरून कंपनी ॲप ओळखू शकते. वीहे (Wehe) नावाचं मोफत ॲप आहे, ते याच जागी बोट ठेवतं. एखाद्या व्हिडिओ सेवेची आधी नोंदवून ठेवलेली वाहतूक ते जशीच्या तशी पाठवतं, मग तीच वाहतूक ओळखू येणार नाही अशी करून पुन्हा पाठवतं. दोन्हींत ठरावीक आणि पुन्हापुन्हा फरक आला तर संशयाला जागा आहे.

करायचं असं. एकच फोन, एकच सिम, वायफाय बंद, डेटा सेव्हर बंद, एकच जागा. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. प्रत्येक वेळी पाच चाचण्या, तीन दिवस. म्हणजे एका सेवेसाठी पंचेचाळीस आकडे. चाचणी डेटा खाते, म्हणून कोटा शिल्लक असतानाच कर. कोटा संपल्यावर घेतलेला आकडा कचऱ्यात टाक. सोबत फास्ट डॉट कॉमवरही वेग बघ. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, त्यामुळे नेटफ्लिक्सचं पाणी बारीक केलं असेल तर तिथे उतरून दिसतं. व्हीपीएन, म्हणजे वाहतूक झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप, लावून वेग वाढला तर लगेच उड्या मारू नकोस. व्हीपीएनमुळे रस्ता बदलतो, कधी जवळचा साठवण-सर्व्हर लागतो, कधी सिंगापूरला वळसा पडतो. तो पुरावा नाही, फार तर इशारा. वहीत रकाने आख: तारीख, वेळ, गाव, ४जी की ५जी, प्लॅनची रक्कम, शिल्लक कोटा, आकडा. स्क्रीनशॉटमधला मोबाइल नंबर झाक.

आणि मग लेखी दे. मी तुला हेच सांगणार आहे आणि पुन्हापुन्हा सांगणार आहे. सभा घे, रील कर, बोर्ड लाव, माझी हरकत नाही. पण शेवटी लेखी दे. कागद नसेल तर त्या सभेचा जमाखर्च शून्य.

तक्रारीची वाट अशी. आधी कंपनीच्या १९८ वर तक्रार, तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घ्यायचाच. फोनवरचा माणूस ती "स्लो स्पीड"मध्ये टाकतो आणि फोन बंद करून चालू करायला सांगतो. म्हणून तिथे नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द उच्चारू नकोस, घडलं ते सांग: याच सिमवर, याच जागी, याच तासाला बाकी सेवा १२ एमबीपीएसने चालतात आणि ही एक दीडने. उत्तर समाधानाचं नसलं तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील, त्याला फी नाही. तिथे वहीचे आकडे जोड. त्यानंतर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर (तक्रार निवारणाच्या वेबसाइटवर) दूरसंचार विभागाच्या नावाने. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे डोकं आपटू नकोस. ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोकळा असल्याचं सांगितलंय.

ट्रायकडे जायचं ते नियम घडत असताना. त्यांचा सल्लामसलतीचा कागद निघतो, त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात, शेवटची तारीख असते आणि उत्तर कुठल्या ईमेलवर पाठवायचं ते छापलेलं असतं. त्या क्रमांकाखाली उत्तर लिहायचं. प्रश्न सोडून निबंध लिहिलास तर मोजणीत येशील, विचारात येणार नाहीस. मजकूर बघून डेटाचा भाव वेगळा लावावा का, यावरच्या ९ डिसेंबर २०१५ च्या कागदात चारच प्रश्न होते. फेसबुकने फ्री बेसिक्सच्या, म्हणजे निवडक वेबसाइट फुकट दाखवायच्या आपल्या योजनेच्या, बाजूने आपल्या वापरकर्त्यांकडून एकाच साच्याचे लाखो संदेश पाठवून घेतले. ट्रायने स्पष्ट सांगितलं की यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नाहीत. एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले, आणि निकाल लागला तो फ्री बेसिक्सच्या विरोधात. ढीग हरला, उत्तर जिंकलं. याहून मोठा पुरावा मी तुला कुठून आणू?

मला अर्जबाज म्हणतात. म्हणू देत. ८ फेब्रुवारीच्या त्या नियमासोबतचं स्पष्टीकरण वाच: लोकांनी मांडलेले मुद्दे दोन्ही बाजूंनी नोंदवलेत, कुठला का घेतला आणि कुठला का नाही हे लिहिलंय. त्यात मोर्चा सापडत नाही. मुद्दा सापडतो. हट्टाला माझ्याकडे एवढं कारण पुरेसं आहे.

खंत वेगळीच आहे आणि ती २०१५ च्या मोहिमेतल्या आमच्या सगळ्यांची आहे. आम्ही लोकांकडून बटणं दाबून घेतली, हात लिहिते केले नाहीत. सगळा मजकूर इंग्रजीत, तोही दिल्ली-बंगळुरूच्या पोरांनी लिहिलेला. खानदेशातून केळीचं उदाहरण त्या कागदावर जायला हवं होतं, ते आम्ही नेलं नाही. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जिंकलो तशा सतरंज्या गुंडाळल्या. त्यात २७ एप्रिल २०१५ ला ट्रायने सगळे ईमेल, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट, वेबसाइटवर टाकले तेव्हा लिहिणारी कितीतरी माणसं घाबरून गेली. त्यांना आधी सांगायला हवं होतं की पाठवलेलं सगळं जाहीर होतं. तू सांग. प्रतिसादासाठी वेगळा ईमेल काढायचा, मजकुरात फोन नंबर आणि घरचा पत्ता घालायचा नाही, गाव आणि व्यवसाय पुरे.

आता भांडण दुसरीकडे सरकलंय, म्हणूनही ते लोकांना दिसत नाही. टेलिकॉम कंपन्या म्हणतात की मोठ्या व्हिडिओ आणि मेसेज कंपन्यांनी जाळं वापरल्याचे पैसे आम्हाला द्यावेत. ७ जुलै २०२३ च्या ट्रायच्या कागदात या दोघांमधल्या सहकार्याच्या चौकटीबद्दल प्रश्न होता. ऐकायला दोन श्रीमंतांचा व्यवहार वाटतो. दक्षिण कोरियात असं शुल्क आहे, आणि ट्विच ही थेट प्रक्षेपणाची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून बाहेर पडली. जाताना कारण दिलं ते जाळ्याच्या न परवडणाऱ्या खर्चाचं. मोठी कंपनी गेली तर दुसरी येईल. पण धुळ्यात कुणी अहिराणी गाण्यांचं स्वतःचं ॲप काढलं तर त्याच्याकडे कोण किती मागेल, हा प्रश्न कुठल्याही प्रतिसादात मला दिसत नाही. तो तू लिही.

आणि एक जागा बहुतेक सगळे मोकळी सोडतात. प्रतिसादाची मुदत संपली की कंपन्यांनी पाठवलेलं सगळं ट्रायच्या वेबसाइटवर चढतं आणि त्यावर प्रत्युत्तरासाठी साधारण दोन आठवडे मिळतात. एका कंपनीचं एकच वाक्य उचल, त्याखाली तुझ्या वहीतला आकडा ठेव, पाच ओळींत संपव. मराठीत लिही, खाली इंग्रजीत चार ओळींचा सारांश जोड. त्या दोन आठवड्यांत गर्दी नसते. ट्रायची ओपन हाउस चर्चा, म्हणजे सगळ्यांसाठी खुली चर्चा, आता बऱ्याचदा ऑनलाइन असते, धुळ्यात बसून बोलता येतं.

पुढची सभा सभागृहात घेऊ नकोस. बाजाराच्या दिवशी रिचार्जच्या दुकानाबाहेर उभी राहा. तिथे माणूस खिशात हात घालून उभा असतो, त्याला विचार की हा पॅक आणि तो पॅक यात फरक काय. नऊच जण थांबले तरी चालेल, पण त्यातल्या तिघांकडून त्यांच्या शब्दांत चार ओळी लिहून घे आणि मगच घरी जा. त्या मागच्या रांगेतल्या पोराला शोध. त्याचं व्हॉट्सॲप चालू आहे ना, मग मोजायचं काम त्यालाच दे.

येत्या रविवारपासून तीन दिवसांचे आकडे घ्या आणि वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. शिल्लक कोट्याचा रकाना रिकामा दिसला तर मी ते पान परत पाठवीन.

तुझा,
काका