सायकलचा सल्ला

प्रश्न : येळ्ळूरहून बेळगावला रोज सायकलने कामाला येतो. पावसाळा संपल्यापासून पायडल मारताना खालून कटकट आवाज येतोय. दुकानदार म्हणतो, बीबी (बॉटम ब्रॅकेट, दोन्ही पायडलांच्या मधला एक्सल आणि त्याची बेअरिंगं) बदला. गेल्याच वर्षी बदललीय. ती किती टिकायला हवी? – एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : अहो, बीबीला तारीख नसते. सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे एक्सल-बेअरिंग एकत्र बंद असलेला तयार नग, असेल तर हजारो किलोमीटर निघतात, पण एकदा आत पाणी गेलं की तीच पावसाळ्यात संपते. भरपूर पावसाच्या जांबोटीकडची गिऱ्हाइकं गणपतीनंतर रांगेनं येतात ती उगाच नाही.

आधी आवाज खरंच बीबीचा आहे का ते बघा. मी स्वतः एकदा नवी बीबी घातली, आणि कटकट निघाली पायडलची! लाज वाटली हो. चेन दातेरी चकतीवरून उतरवा, क्रँक, म्हणजे पायडल बसतं तो दांडा, हातानं फिरवा. खरखर लागली किंवा अडकत फिरला तर बेअरिंग गेलं. मग दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा. दोन्ही एकदम हलले तर बीबीत ढिलाई आहे. एकच हलला तर त्याचा बोल्ट, जुन्या सायकलीत कॉटर पिन (क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी खीळ), तपासा.

जुनी कप-छऱ्याची बीबी असेल तर लगेच फेकू नका. खोला, रॉकेलनं धुवा, पाव इंची छरे एका बाजूला 11 नवे घाला, ग्रीस भरा. कपात किंवा एक्सलवर खड्डे पडले असतील तर मात्र बदलाच. उजवा कप बहुधा उलट्या आट्याचा असतो. तो नेहमीसारखा खोलायला गेलात तर आणखी आवळून बसेल.