मुंबईत एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, फुकट घरं मिळतात, तरी झोपडपट्ट्या का संपत नाहीत?

कारण घर 'पात्र' झोपडीला मिळतं, आणि वस्तीतली कितीतरी माणसं कुणाची तरी भाडोत्री असतात.

1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असेल तर फुकट, 2011 पर्यंतच्यांना अडीच लाख भरून, त्यानंतर आलेल्यांना काही नाही. पोटमाळ्यावरचे तर हिशेबातच नाहीत. घाटकोपरच्या डोंगरावर आमची तळमजल्याची खोली होती. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) वडिलांच्या नावावर, मतदार यादीत नाव, त्यामुळे आम्हाला 269 चौरस फुटांचं घर मिळालं. वर लोखंडी शिडीने चढून जावं लागे, तिथे एक कुटुंब भाड्याने राहायचं. बाई चार घरची धुणीभांडी करायच्या, नवरा रिक्षावर. खोल्या पाडायची तारीख आली तेव्हा त्यांनी त्याच डोंगरावर आणखी वरच्या अंगाला खोली घेतली. ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनला भाडं कमी पडलं असतं, पण सकाळी सातच्या कामाला तिथून रोज लोकलने कसं पोचणार? आमची झोपडी गेली, वर एक नवी उभी राहिली.

'घर विकून परत झोपडीत गेले' असे लोकही आहेत, नाही कशाला म्हणू. मेंटेनन्स, लिफ्टची दुरुस्ती, पाण्याचा पंप हे सगळं महिन्याच्या महिन्याला लागतं. पण नेहमी बोट त्यांच्याकडेच दाखवतात.

म्हाडाची लॉटरी म्हणाल, तर 2023 च्या सोडतीत गोरेगाव पहाडीची अत्यल्प उत्पन्न गटाची घरं 30 लाखांच्या घरात होती. सॅलरी स्लिप नसलेल्या बाईला कुठली बँक कर्ज देते?

या शहराने एकेकाळी गरिबाला मालक करायचा हट्ट धरला नव्हता. प्लेगनंतर बीआयटी चाळी, 1920 च्या दशकात बीडीडी चाळी, दोन्ही सरकारी यंत्रणांनी भाड्याने द्यायला बांधलेल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची आणि संडास सामायिक, पण भाडं परवडणारं आणि डोक्यावर बुलडोझर नाही. 2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना आणली, तीही 160 चौरस फुटांचीच. पुढे ती गुंडाळली. पनवेलजवळ कोनला बांधलेली घरं दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना विकत दिली. कामगारांचा हक्क होताच, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाड्याच्या खोल्या तेवढ्या कमी झाल्या, आणि पोटमाळ्यावरच्या माणसाला परवडतं ते फक्त भाडंच.