गोळी बाधली, सोसली नाही, की दुष्परिणाम झाला?

कळव्याच्या एका सिस्टरनी विचारलं आहे : रुग्णांसाठी औषधांची मराठी माहितीपत्रकं तयार करतो आहोत. रुग्ण ‘गोळी बाधली’ म्हणतात, डॉक्टर ‘साइड इफेक्ट’ म्हणतात आणि भाषांतर करणाऱ्याने सगळीकडे ‘विषबाधा’ लिहून दिलं आहे. छापायचं काय?

सिस्टर, ‘विषबाधा’ आधी खोडा. हा शब्द लोक वाचतात तो लग्नाच्या जेवणातून पन्नास जण आजारी पडल्याच्या बातमीत. औषधाच्या कागदावर तो दिसला तर नातेवाइकांना विषप्रयोगाचीच शंका येईल. औषध प्रमाणाबाहेर पोटात गेलं असेल तर तो चालेल, पण तिथेही ‘गोळ्या जास्त झाल्या’ हे लवकर कळतं. पॅरासिटामॉलचंच बघा. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, आणि दोन्हींत पॅरासिटामॉल! यकृताला इजा होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

आता ‘बाधणे’. शब्द अस्सल आहे. भूतबाधेतली आणि कोरोनाबाधितातली बाधा तीच. पण ‘मला गोळी बाधली’ या वाक्यात गोळी कर्ता आहे, म्हणजे गुन्हेगार ठरवून झाला. ‘मानवली नाही’, ‘सोसली नाही’ म्हणणारा निदान प्रकृतीचाही विचार करतो. तापासाठी अँटिबायोटिक घेतलं आणि तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं, तर ते औषधाचं की तापाचं? डॉक्टर म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवतात. औषध चालू असताना जे काही वाईट घडलं ती ‘प्रतिकूल घटना’. ते औषधामुळेच घडलं असं मानायला जागा असेल तर ‘प्रतिकूल प्रतिक्रिया’. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७२च्या व्याख्येत ही प्रतिक्रिया नेहमीच्या मात्रेतही होणारी असावी लागते, त्यामुळे जास्त झालेल्या गोळ्या त्यात बसत नाहीत. आपल्याकडे औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला. अशी प्रतिक्रिया कळवायच्या त्यांच्या फॉर्मवर ‘संशयित’ हा शब्द मुद्दाम आहे. कळवणाऱ्याने काही सिद्ध करायचं नसतं. १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. हा क्रमांक पत्रकात ठळक छापा.

‘दुष्परिणाम’ मात्र राहू द्या. रुळलेला आहे, सगळ्यांना कळतो. काटेकोरच व्हायचं तर साइड इफेक्ट नेहमी ‘दुष्’ नसतो. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध, त्याने केस वाढू लागले आणि आज लोक ते टकलावर चोळतात. त्यासाठी ‘आनुषंगिक परिणाम’ असा शब्द आहे, पण तो ओपीडीच्या रांगेत कोण वाचणार?

माझी खरी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. ‘काही दुष्परिणाम झाला का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही.’ रक्तदाबासाठी एनालाप्रिल घेणाऱ्या काकांना महिनाभर कोरडा खोकला असतो. तो या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे, पण काका खोकल्याचं खापर घोडबंदर रोडच्या धुळीवर फोडतात. म्हणून पत्रकात विचारा, ‘गोळी सुरू केल्यापासून काही नवीन जाणवतंय का?’ आणि रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. ‘डोकं जड’, ‘तोंड कडू’, ‘जीव घाबरा’ यांतला फरक ‘दुष्परिणाम’ या एका शब्दात बुडून जातो.

जाता जाता : ‘अँटिडोट’साठी तुमच्या मसुद्यात सरसकट ‘प्रतिविष’ आहे. सर्पदंशाला तो योग्य, कारण त्यावरचं इंजेक्शन खरोखरच नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषाविरुद्ध तयार केलेलं असतं. पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर देतात त्या ॲसिटिलसिस्टीन या औषधाला जुना शब्द ‘उतारा’ जास्त शोभेल. पण तिठ्यावर लिंबू-नारळाचा उतारा टाकणारे आणि तलाठ्याकडे सातबाराचा उतारा मागणारे तुमचेच रुग्ण आहेत, तेव्हा सरळ ‘विषावरचं औषध’ छापा.